कुकटपल्लीत स्टुडिओ फ्लॅट घ्यावा का? आकडे, कागद आणि आपली गरज

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला मंडळाच्या कार्यक्रमात हमखास दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, ठेवीवर सध्या जास्त व्याज कुठे मिळते. दुसरा, अमुक ठिकाणी फ्लॅट घ्यावा का. अलीकडे हे दोन्ही प्रश्न एकत्र येऊ लागले आहेत आणि त्यात कुकटपल्लीचे नाव वारंवार ऐकू येते. ठेव मोडून तिथे एक लहानसा स्टुडिओ फ्लॅट घेऊन ठेवावा का, असे विचारणाऱ्यांत काचीगुडा-बरकतपुऱ्यातले जुने रहिवासी आहेत, मुलगा किंवा मुलगी हायटेक सिटीत नोकरीला लागलेले आईवडील आहेत आणि नांदेड-लातूरकडचे आपले नातेवाईकही आहेत. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने उत्तर देण्यापेक्षा सगळा विचार एकदा सलग मांडावा, म्हणून हा लेख.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. स्वतः राहण्याची खरी गरज असेल, इमारत तयार असेल आणि कागद पूर्ण असतील, तर जरूर विचार करावा. केवळ गुंतवणूक म्हणून, तीही निवृत्तीच्या पुंजीतून, घेऊ नये. असे का म्हणतो, ते क्रमाने पाहू.

हा प्रश्न आत्ताच का निघाला?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी फ्लोटिंग दराची गृहकर्जे बाहेरच्या निर्देशांकाशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, बांधलेली आहेत. त्यामुळे कर्जाचे दर लवकर उतरले आणि कर्जदार सुखावले. पण ज्यांचे कर्ज कधीच फिटले आणि ज्यांचे घर आता ठेवीच्या व्याजावर चालते, त्यांच्यासाठी हीच बातमी उलटी आहे. मुदत संपलेली ठेव नूतनीकरणाला नेली की पूर्वीपेक्षा कमी दर मिळतो. अशा वेळी दरमहा भाडे आणि वर जागेची वाढती किंमत, असे दुहेरी गणित कोणी समजावून सांगितले की ते पटकन पटते.

दुसरे कारण कुकटपल्लीचे स्वतःचे. पुण्याहून सोलापूर, उमरगा, जहीराबाद करत येणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ याच वस्तीतून शहरात शिरतो. आपल्याकडचे लोक त्याला अजून 'मुंबई रोड'च म्हणतात. ऐंशीच्या दशकात तेव्हाच्या आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळाने इथे के.पी.एच.बी. कॉलनी उभारली. एलआयजी, एमआयजी, एचआयजी अशा आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ती बैठी घरे आज बहुतेक मजले चढवून बसली आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरात मियापूरहून निघणारी मेट्रो सुरू झाली आणि जे.एन.टी.यू., के.पी.एच.बी., कुकटपल्ली अशी लागोपाठ स्थानके झाली. २०१९ मध्ये अमीरपेटहून हायटेक सिटीचा मार्ग खुला झाला. २०२० पासून एम.जी.बी.एस.ला गाडी बदलून सुलतान बझार आणि नारायणगुड्यापर्यंतही जाता येते. म्हणजे मुलांचे ऑफिस एका बाजूला आणि आपली जुनी मराठी वस्ती दुसऱ्या बाजूला, दोन्ही एका तिकिटात. जागेची मागणी उगाच वाढलेली नाही.

आणि तिसरे, मोठ्या लिलावांच्या बातम्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेलंगणा गृहनिर्माण मंडळाच्या लिलावात के.पी.एच.बी. मधील सुमारे पावणेआठ एकर जमीन एकराला ७० कोटी रुपये या भावाने गेली. असा आकडा वाचला की प्रत्येकाला वाटते, आपला वाटा घ्यायचा तर आत्ताच, मग राहून जाईल. या भीतीचा विचार पुढे गजाच्या हिशेबात करू.

मुंबईचे गणित इथे लागत नाही

स्टुडिओ म्हणजे एकच खोली, तिच्यातच एका भिंतीला ओटा आणि स्वतंत्र न्हाणीघर. मुंबईकराला यात नवे काही नाही. 'वन रूम किचन'मध्ये तिथे पिढ्या वाढल्या. तिथे अशा खोलीलाही भाव येतो आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळते, कारण तिन्ही बाजूंनी समुद्र-खाडी आहे आणि प्लॉटवर किती बांधायचे याला चटई निर्देशांकाची मर्यादा आहे. जागा मुळातच कमी, म्हणून लहान जागेलाही किंमत.

हैदराबादचे तसे नाही. इथे २००६ पासून चटई निर्देशांकाची सरसकट कमाल मर्यादा नाही. इमारत किती उंच होईल हे प्लॉटचा आकार, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि चहूबाजूंनी सोडायची मोकळी जागा यांवर ठरते. रस्ता रुंद आणि प्लॉट मोठा असला की चाळीस-पन्नास मजलेही चढतात. शहर पसरायलाही मोकळे आहे. १५८ किलोमीटरच्या बाह्य वळण रस्त्याच्या आत आणि बाहेर बांधकाम सुरूच आहे. म्हणजे उद्या स्टुडिओला मागणी आली तर पुरवठाही तितक्याच वेगाने येऊ शकतो. टंचाईतून येणारी भाववाढ इथे गृहीत धरता येत नाही.

शिवाय हैदराबादी माणसाची सवय मोठ्या घराची. इथला तरुण लग्नापूर्वी वसतिगृहात किंवा मित्रांबरोबर भाड्याने राहतो आणि घ्यायची वेळ आली की दोन-तीन बेडरूमचा फ्लॅट घेतो. मग आपला स्टुडिओ दहा वर्षांनी विकत कोण घेणार? बहुधा आपल्यासारखाच भाड्याच्या आशेने आलेला दुसरा गुंतवणूकदार. तो नेमका मंदीच्या काळात दिसेनासा होतो. बँकेत तारण पाहताना आम्ही नेहमी एक प्रश्न विचारत असू: हे विकायची वेळ आली तर किती दिवसांत विकेल? तोच प्रश्न घेणाऱ्यानेही विचारावा.

एकाच नावाखाली तीन वस्तू

कुकटपल्ली, निजामपेट, मियापूर या पट्ट्यात 'स्टुडिओ' म्हणून जे दाखवले जाते ते सगळे एक नसते.

पहिला प्रकार सरळ. निवासी मंजुरी असलेल्या इमारतीत, मंजूर नकाशावर स्वतंत्र एकक म्हणून दाखवलेला, स्वतंत्र घर क्रमांक असलेला लहान फ्लॅट.

दुसरा प्रकार पाडून केलेला. तेलंगणात २०२० च्या कायद्याने लहान प्लॉटवरील घरांची परवानगी मालकाच्या स्वयंघोषणेवर ऑनलाइन मिळते. सोय चांगली आहे, पण तिचा गैरवापरही होतो. मंजुरी स्टिल्ट अधिक दोन मजल्यांची, उभे पाच मजले. नकाशात एका मजल्यावर एक फ्लॅट, प्रत्यक्षात चार खोल्या आणि प्रत्येकीला ओटा. गच्चीवर बांधलेली खोली 'पेंटहाऊस' म्हणून स्वस्तात विकली जाते, ती याच जातीची. 'पुढे नियमित होईल' हे उत्तर ऐकू आले तर लक्षात ठेवावे, की २०१५ ची बांधकाम नियमितीकरण योजना न्यायालयात अडकली आणि अर्जदार वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले.

तिसरा प्रकार दिसायला सर्वांत आकर्षक. फर्निचरसह खोली, खाली स्वागतकक्ष, चालवायला कंपनी आणि काही वर्षे ठरावीक भाड्याची हमी. अशा इमारतीची मंजुरी बऱ्याचदा व्यापारी वापराची असते. मग विजेचा दर व्यापारी, मालमत्ता कर अनिवासी आणि गृहकर्जाचा दर लागू नाही. हमीबद्दल इतकेच, की ती देणाऱ्याच्या ताळेबंदाइतकीच भक्कम असते. पुष्कळदा हमीचे भाडे आधीच किमतीत मिळवलेले असते. आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने परत येतात. इमारत उभी राहण्यापूर्वीच पैसे घेऊन दरमहा परतावा देण्याची बोली असेल, तर ती जागेची विक्री राहिली नाही, ती ठेव झाली. बेकायदा ठेव योजनांना बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे.

तेव्हा किंमत विचारण्याआधी 'यांतला कोणता?' हे विचारावे.

नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे

आपल्या लोकांचा एक पक्का समज आहे, की सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी झाली, घरपट्टी लागली, विजेचे मीटर बसले, म्हणजे जागा कायदेशीर. तसे नाही. नोंदणी कार्यालय दस्त नोंदवते. इमारत नियमाने बांधली आहे की नाही हे ते तपासत नाही. घरपट्टी तर अनधिकृत बांधकामालाही लागते.

हे कुकटपल्लीकरांनी जवळून पाहिले आहे. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने 'हैड्रा' ही यंत्रणा स्थापन केली आणि तलाव-नाल्यांवरील अतिक्रमणे हटवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला कुकटपल्लीच्या नल्लचेरुवू तलावाच्या हद्दीतील शेड आणि इतर बांधकामे पाडली गेली. कारवाईच्या पद्धतीवर उच्च न्यायालयाने त्या महिनाअखेरीस यंत्रणेला कडक शब्दांत सुनावले, तो भाग वेगळा. पण घेणाऱ्यासाठी धडा एकच आहे. तेलुगूत 'चेरुवू' आणि 'कुंटा' म्हणजे तलाव आणि तळे. या शहराच्या पश्चिम भागात असे शब्द असलेली ठिकाणे पावलोपावली आहेत. २०१२ च्या इमारत नियमांनुसार दहा हेक्टर आणि त्याहून मोठ्या तलावाच्या पूर्ण भरण रेषेपासून ३० मीटर आणि त्याहून लहान तलावापासून ९ मीटर जागा मोकळी सोडायची असते. जागा पाहायला जाल तेव्हा गच्चीवरून सभोवार पाहावे. पाणी दिसले, किंवा पाणी असावे असा खोलगट भाग दिसला, तर आधी पाटबंधारे आणि महापालिकेच्या नोंदी पाहाव्यात.

कागदांची आमची यादी लहान आहे, पण ती अपुरी ठेवू नये.

एक, मंजूर नकाशा. त्यावर आपल्या फ्लॅटवर बोट ठेवता आले पाहिजे.

दोन, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओ.सी. इथल्या नियमांप्रमाणे बांधकामाच्या एकूण क्षेत्रफळापैकी १० टक्के भाग मंजुरीच्या वेळी महापालिकेकडे गहाण ठेवावा लागतो, ओ.सी. मिळाल्यावर तो सुटतो. आपला फ्लॅट त्या गहाण भागात तर नाही ना, हे ई.सी. म्हणजे बोजाच्या दाखल्यावर कळते. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही बँकांना बजावले आहे, की ओ.सी. तपासल्याखेरीज इमारतीच्या तारणावर कर्ज देऊ नये. म्हणून बिल्डर 'कर्ज लागणार नसेल तर ओ.सी. कशाला' म्हणू लागला, की तिथेच थांबावे. उद्या आपल्याकडून घेणाऱ्याला कर्ज लागेलच.

तीन, रेरा नोंदणी. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवरच्या किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटच्या प्रकल्पाला ती सक्तीची आहे. नोंदणीआधी जाहिरात करणे किंवा पैसे घेणे बेकायदा आहे. 'प्री-लाँच' या गोड शब्दाचा अर्थ तोच. नोंदणी झाल्यावरही विक्रीचा करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, आणि खरेदीदारांच्या पैशांतील ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावे लागतात.

चार, तीस वर्षांची मालकीची साखळी आणि जमीन निषिद्ध यादीत नसल्याची खात्री. शासकीय, वक्फ आणि देवस्थानच्या जमिनी या यादीत असतात. स्वतःचा वकील लावावा. बिल्डरने सुचवलेला नको. एका वकिलाची फी फ्लॅटच्या एका फरशीइतकीही नसते.

चौरस फूट आणि गज

हैदराबादेत भाव सांगतात तो 'सेलेबल' क्षेत्रफळावर. जिना, लिफ्ट, व्हरांडा, क्लबहाऊस यांतला वाटा त्यात धरलेला असतो. ६०० फुटांचा म्हणून दाखवलेला स्टुडिओ आत मोजला तर ४०० फूट भरू शकतो. फुटाला ७,००० रुपये दराने त्याची किंमत झाली ४२ लाख. वापरायला मिळणाऱ्या ४०० फुटांनी भागले तर दर १०,५०० पडतो. रेरा कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या दिलेली आहे. करारात तोच आकडा पाहावा आणि तुलना त्याच आकड्यावर करावी.

आता जमीन. इमारत दरवर्षी जुनी होते. किंमत वाढते ती तिच्याखालच्या जमिनीची. म्हणून आपल्या नावावर किती गज अविभाज्य हिस्सा चढतो, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. समजा दोन एकरांवर, म्हणजे ९,६८० गजांवर, पाच लाख फूट विक्रीयोग्य बांधकाम झाले. त्यात ६०० फुटांच्या स्टुडिओच्या वाट्याला जेमतेम साडेअकरा गज येतात. त्या लिलावातला ७० कोटींचा भाव धरला तरी गजाला सुमारे १ लाख ४५ हजार, म्हणजे आपल्या जमिनीचे झाले १७ लाखांच्या आत. उरलेले २५ लाख सिमेंट, लिफ्ट, क्लब आणि नफा यांचे. उलट ५०० गजांवरच्या जुन्या पाच मजली इमारतीत एकूण १३,५०० फूट बांधकाम असेल, तर ६०० फुटांच्या वन-बेडरूमच्या वाट्याला २२ गज येतात, जवळजवळ दुप्पट. त्या इमारतीला स्विमिंग पूल नसतो, पण जमीन असते. लिलावाचा भाव ऐकून घाई करणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

हिशेब

खालील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपापले घालून पाहावेत.

स्टुडिओ ४२ लाखांचा. तेलंगणात मुद्रांक, हस्तांतर शुल्क आणि नोंदणी मिळून ७.५ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी. मोठ्या शहरांत ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का, म्हणजे ४२ हजार. इथे एक खाच आहे. या ४५ लाखांत पार्किंग, क्लब, मजला-वाढ असे सगळे आकार धरले जातात. किंमत साडेत्रेचाळीस लाख आणि पार्किंग-क्लबचे तीन लाख असे साडेसेहेचाळीस झाले, की दर ५ टक्के होतो आणि कर २ लाख ३२ हजारांवर जातो. ओ.सी. मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाहीच. पुढे देखभाल निधी, वीज-पाणी जोडणी, कपाटे, पंखे, गीझर. सगळे मिळून सुमारे ४९ लाख हातावेगळे होतात.

भाडे महिना १६,००० धरू. वर्षात एक महिना खोली रिकामी, म्हणून ११ महिन्यांचे १ लाख ७६ हजार. देखभाल महिना २,५०० प्रमाणे ३०,००० गेले. घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्ती १२,०००. हाती राहिले १ लाख ३४ हजार. ४९ लाखांवर हा परतावा पावणेतीन टक्के पडतो.

हेच ४९ लाख पती-पत्नीच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, प्रत्येकी ३० लाखांच्या मर्यादेत, तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला ४ लाख १ हजार ८०० रुपये येतात, दर तिमाहीला, भाडेकरूच्या मागे न लागता. भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते आणि या व्याजावर ती नाही, हे खरे. पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने बऱ्याच निवृत्तांना हा फरक जाणवत नाही.

म्हणजे दरवर्षी सुमारे पावणेतीन लाखांचा फरक. तो भरून काढायला ४२ लाखांच्या फ्लॅटची किंमत दरवर्षी सव्वासहा टक्क्यांहून अधिक वाढायला हवी, आणि सुरुवातीला वर गेलेले सात लाख त्याहून वेगळे. विकताना आता दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पासून घेतलेल्या जागेला महागाईचा निर्देशांक लावून नफा कमी दाखवता येत नाही.

कर्ज काढून मुलाने घेतला तर? ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा जागेच्या किमतीच्या ८० टक्के आहे आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ३३ लाख ६० हजार कर्ज आणि सुमारे साडेपंधरा लाख खिशातून. ८ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता २८,१०० रुपये. तीच खोली भाड्याने १६,००० ला मिळते. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि भाड्याने दिलेल्या घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. फार लहान चटई क्षेत्राला काही बँका कर्जच देत नाहीत, हेही आधी विचारून घ्यावे.

आकड्यांत न मावणारे

पुंजी रोख असणे आणि भिंतींत असणे यात निवृत्तांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. आम्हा बँकवाल्यांचे उदाहरण घ्या. निवृत्तिवेतन साधारण शेवटच्या पगाराच्या निम्मे, आणि त्यानंतर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. म्हणजे दोघांपैकी एक गेल्यावर घराचे उत्पन्न चाळीस टक्क्यांनी खाली येते, खर्च मात्र तितका उतरत नाही. हॉस्पिटलला पाच लाख लागले तर ठेव मोडता येते. फ्लॅटचा ओटा तेवढा विकता येत नाही. एकूण पुंजीचा तिसरा हिस्सा तरी रोख राहील अशी खात्री नसेल, तर व्यवहाराचा विचार सोडावा.

राहण्याचा प्रश्न वेगळा. एका माणसाला चारशे फूट पुरतात. दोघांना दिवसा पुरतात, रात्री पुरतीलच असे नाही; एकाला टीव्ही हवा असतो आणि दुसऱ्याला झोप. दोघांपैकी एक आजारी पडला आणि रात्रीची बाई ठेवायची वेळ आली, तर ती कुठे झोपणार? गावाहून बहीण चार दिवस आली तर? न्हाणीघरात चाकाची खुर्ची वळते का? या प्रश्नांची उत्तरे सॅम्पल फ्लॅटमध्ये मिळत नाहीत.

पाण्याचे विचारायला विसरू नये. शहराच्या या बाजूला मांजरा आणि गोदावरीचे पाणी येते. दोन्ही नद्या आपल्या ओळखीच्या. मांजरा तर बीड जिल्ह्यातल्या बालाघाट डोंगरात उगम पावते आणि लातूरकरांना पाजून इकडे येते. पण ऐन उन्हाळ्यात टँकरवर किती भार पडतो, हे इमारतीच्या वॉचमनला विचारावे. एका मजल्यावर वीस-वीस खोल्या असतील तर लिफ्ट, पाणी आणि कचरा यांचा खर्च चौरस फुटामागे मोठ्या फ्लॅटपेक्षा जास्त येतो. आणि निम्म्याहून अधिक मालक बाहेरगावचे गुंतवणूकदार असतील, तर सोसायटीच्या सभेला कोरम भरत नाही आणि लिफ्ट बंद पडली की बंदच राहते.

मग घ्यावा कोणी?

इतके वाचून कोणी म्हणेल, आम्ही नकारच देत आहोत. तसे नाही. काही घरांत हा निर्णय अगदी योग्य ठरतो. एकटी राहणारी, स्वतःच्या नावाचे दार हवे असलेली कमावती मुलगी. पतीच्या मागे चार मजली जुने घर सांभाळणे झेपत नसलेली आणि मुलाच्या संसारात मुक्काम न टाकता त्याच्या हाकेच्या अंतरावर राहू इच्छिणारी आई. अशांना स्वतःची खोली जो आधार देते, तो ८.२ टक्क्यांत मोजता येत नाही. घरमालक उद्या जागा खाली कर म्हणणार नाही, ही निश्चिंती उतारवयात फार मोठी आहे. तिची किंमत वर्षाला पावणेतीन लाख आहे हे माहीत असावे आणि मग ती खुशीने मोजावी.

त्यांना आमचा सल्ला असा. आधी त्याच भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला की पाणी, आवाज, डास, शेजार, मेट्रोपर्यंतची चाल, सगळे कळते. आणि चारशे फुटांत आपला जीव रमतो की नाही, हेही. मग घ्यायचेच ठरले तर नव्या टॉवरमधल्या स्टुडिओआधी ओ.सी. असलेल्या पाच मजली इमारतीतला जुना वन-बेडरूम पाहावा. बऱ्याचदा तेवढ्याच पैशांत एक दार जास्त आणि दहा गज जास्त मिळतात. टोकनचे पाकीट मात्र वकिलाचे मत लेखी हाती येईपर्यंत घरीच ठेवावे. 'आजच दिले तरच हा भाव' असे कोणी म्हणाले, तर तो भाव त्यालाच राहू द्यावा. कुकटपल्लीत खोल्यांची टंचाई नाही. आपल्याकडे टंचाई आहे ती पुन्हा कमावण्याच्या वर्षांची.